‘आढळलं नाही’ आणि ‘नाही असं आढळलं’

माझ्यासमोर पोटाच्या सोनोग्राफीचा एक रिपोर्ट आहे. घरातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाचा, दोन वर्षांपूर्वीचा. मूळ इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो. यकृताच्या ओळीत लिहिलंय: गाठ दिसत नाही. पित्ताशयाच्या ओळीत: खडे नाहीत. स्वादुपिंडाच्या ओळीत: आतड्यातल्या वायूमुळे दिसू शकलं नाही. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, निष्कर्ष: लक्षणीय दोष आढळला नाही.

आम्ही घरच्यांनी तेवढी शेवटची ओळ वाचली आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय’ असं सगळ्यांना फोनवर कळवलं. दुखणं काही थांबेना. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तोच कागद हातात घेतला, स्वादुपिंडाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे नंतर कोणी बघितलं का?” कोणीच बघितलं नव्हतं.

त्या कागदावर खोटं एक अक्षरही नाही, म्हणूनच तो मी जपून ठेवला आहे. एकाच पानावर नकाराची निरनिराळी रूपं आहेत. पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत चांगले दिसतात, तेव्हा ‘खडे नाहीत’ हा भक्कम नकार. यकृताचा ‘दिसत नाही’ त्याहून थोडा कच्चा, कारण फार लहान गाठ या तपासणीत निसटू शकते. स्वादुपिंडाचा ‘दिसू शकलं नाही’ हा तर त्या अवयवाबद्दलचा नकारच नव्हे, तो तपासणीबद्दलचा आहे. खालच्या ओळीने या तिन्हींची मोट एका ‘आढळला नाही’मध्ये बांधली आणि आम्ही तिचं भाषांतर ‘नाही’ असं करून टाकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: जिथे माणसांचं बरंवाईट ठरतं अशा प्रत्येक जाहीर मजकुरात, मग तो वैद्यकीय अहवाल असो, सरकारी निवेदन असो, मतपत्रिका असो की न्यायालयाची बातमी, नकार कशाला लागतो आणि कशाच्या जोरावर केला आहे हे लिहिणाऱ्याने सांगितलंच पाहिजे. ते ओळखून घेण्याचं ओझं वाचणाऱ्यावर टाकू नये. ही व्याकरणाची हौस वाटेल. पण वर सांगितलेले चार महिने व्याकरणातच हरवले होते.

मराठीपुरतं बोलायचं तर या कामाची हत्यारं आपल्या हातात आधीच आहेत. ‘विष आढळलं नाही’ आणि ‘विष नाही असं आढळलं’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. शब्द जवळपास तेच, फक्त ‘नाही’ची जागा बदलली. पहिल्यात शोध रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्यात शोध काहीतरी घेऊन आला आणि त्याने आणलेली गोष्ट म्हणजे विषाचा अभाव. पहिलं वाक्य डोळे मिटून शोधणाऱ्यालाही खरेपणाने म्हणता येतं, दुसऱ्याला मात्र नीट पाहावं लागतं.

शिवाय मराठीत नकार एका शब्दावर भागत नाही. नको, नये, नाही, नव्हे, नसे, नव्हता. प्रत्येकाचं काम वेगळं. ‘नको’मध्ये इच्छा आहे, ‘नये’मध्ये निषेध आहे, आणि ही दोन्ही खरं-खोटं ठरवण्याच्या पलीकडची आहेत. ‘जाऊ नये’ हे वाक्य खोटं असू शकत नाही, ते फार तर मोडता येतं. ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांतला फरक तर मला आपल्या भाषेतली एक मोलाची वस्तू वाटते. ‘इथे साप नाही’ म्हणजे या जागी साप असण्याचा अभाव. ‘हा साप नव्हे’ म्हणजे समोर काहीतरी आहे खरं, पण ते साप आणि एक नव्हे. हल्ली दुसऱ्या ठिकाणीही सर्रास ‘नाही’ वापरतात, ‘हा साप नाही’. चालतं, अर्थही कळतो. तरी ‘नव्हे’ बोलण्यातून जात चाललाय याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राने, ज्या भेदासाठी अवजड संज्ञा घडवल्या तो आपली भाषा दोन अक्षरांत करत होती.

त्या संज्ञा अशा. न्याय-वैशेषिक परंपरेने पुढे अभाव हा स्वतंत्र पदार्थच, म्हणजे अस्तित्वाचा एक मूलभूत वर्गच, मानला, द्रव्य-गुण-कर्माच्या पंक्तीतला सातवा. आणि त्याचे चार प्रकार केले. घडा घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव तो प्रागभाव. घडा फुटल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग नाही, कधी नव्हता, कधी असणार नाही, हा अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव. रोजच्या बोलण्यात आपण हेच ‘अजून झालं नाही’, ‘आता राहिलं नाही’, ‘असतच नाही’ आणि ‘ते हे नव्हे’ असं म्हणतो. एखाद्या जाहीर निवेदनात ‘निधी नाही’ असं येतं तेव्हा यांतलं कोणतं? अजून आला नाही, संपला, की या कामासाठी तो कधी असणारच नव्हता? तिन्हींवर करायचे उपाय वेगवेगळे आहेत.

नैयायिकांचा, म्हणजे न्याय परंपरेतल्या पंडितांचा, आणखी एक आग्रह होता. अभाव मोकळा फिरत नाही. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, ज्या ठिकाणी अभाव तो अनुयोगी. म्हणून ते नुसतं ‘घडा नाही’ म्हणत नाहीत, ‘जमिनीवर घडा नाही’ म्हणतात. आमच्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत नेमका अनुयोगी गळला होता. दोष आढळला नाही, पण कुठे? जे दिसलं त्यात.

आता मुद्द्याचं. न दिसण्यावरून नसणं कधी सिद्ध होतं? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाच्या मीमांसा दर्शनाने ‘अनुपलब्धि’, म्हणजे न आढळणं, हे अभाव जाणण्याचं स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं. नैयायिकांनी ते वेगळं प्रमाण म्हणून स्वीकारलं नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती तर दोघांच्याही विरोधी गोटातला. पण ज्या अटीभोवती ही सगळी चर्चा फिरते, ती या तिन्ही परंपरांत ओळखीची आहे: वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धि म्हणतात. उजेडात, चांगल्या डोळ्यांनी पाहून जमिनीवर घडा दिसला नाही, तर तो नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर तुम्हाला घड्याबद्दल काहीच कळलेलं नाही, अंधाराबद्दल कळलं आहे.

‘नकार कधीच सिद्ध करता येत नाही’ हे वाक्य वादात फेकणाऱ्यांना या अटीने उत्तर मिळतं. करता येतो. दोनाहून मोठी सम मूळसंख्या नाही, हे शाळकरी पोरही दाखवून देईल. समोरच्या टेबलावर हत्ती नाही, हे पाहूनच सिद्ध होतं. सिद्ध होत नाहीत ते अंधारातून काढलेले नकार.

आणि जाहीर जीवनातले बरेचसे नकार अंधारातलेच असतात. ब्रिटनमध्ये गुरांचा ‘मॅड काऊ’ रोग नोव्हेंबर १९८६ मध्ये ओळखला गेला. त्यापुढची जवळजवळ दहा वर्षं, तो माणसाला होतो याचा पुरावा नाही आणि गोमांस खायला सुरक्षित आहे, ही दोन वाक्यं लोकांच्या कानांवर जोडीने पडत राहिली. २० मार्च १९९६ ला सरकारने संसदेत सांगितलं की माणसांतल्या एका नव्या मेंदूरोगाचा या रोगाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. या जातीचे रोग शरीरात वर्षानुवर्षं दबा धरून राहतात, हे आधीपासून माहीत होतं. म्हणजे लागण झालीच असती तरी सुरुवातीच्या काही वर्षांत रुग्ण दिसलेच नसते. ‘असता तर दिसला असता’ ही अट पुरी होत नव्हती. ‘पुरावा नाही’ हे वाक्य बहुतेक काळ खरं होतं आणि त्याला ‘धोका नाही’च्या शेजारी बसवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

१४ जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कळवलं की नव्या कोरोनाविषाणूचा माणसाकडून माणसाला संसर्ग होतो, याचा स्पष्ट पुरावा चिनी अधिकाऱ्यांच्या प्राथमिक तपासात मिळालेला नाही. बहुतेकांनी वाचलं: होत नाही. त्याच वर्षी २४ एप्रिलला याच संघटनेने म्हटलं की बऱ्या झालेल्यांना पुन्हा लागण होण्यापासून संरक्षण मिळतं, याचा सध्या पुरावा नाही. या वेळी लोकांनी वाचलं: संरक्षण मिळत नाही. घबराट उडाली आणि दुसऱ्याच दिवशी खुलासा करावा लागला. एकाच साच्याचं वाक्य, एकदा खोटा दिलासा देऊन गेलं, एकदा खोटी भीती. दोष वाचणाऱ्यांचा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ‘अजून शोध घेण्याइतका वेळ गेलेला नाही’ हे सहा शब्द दोन्ही ठिकाणी पुरले असते.

नकार कशाच्या जोरावर हा झाला एक प्रश्न. दुसरा, तो नेमका कशाला लागतो. हे वाक्य बघा: आरोपीने रागाच्या भरात वार केला नाही. एक अर्थ, वार केलाच नाही. राग आला तरी हात आवरला. दुसरा अर्थ, वार केला, पण रागाच्या भरात नव्हे, थंड डोक्याने. एकाने माणूस सुटतो, दुसऱ्याने जास्तीत जास्त शिक्षेला पात्र होतो. बोलताना आवाजाच्या चढउताराने आणि ‘च’सारख्या एका अक्षराने आपण हे वेगळं करतो, ‘वार केलाच नाही’, ‘रागाच्या भरात नाही केला’. कागदावर आवाज नसतो.

जुन्या वैयाकरणांना हे पुरतं ठाऊक होतं. नकार एखाद्या पदाला चिकटतो तेव्हा पर्युदास, क्रियेला लागतो तेव्हा प्रसज्यप्रतिषेध. आणि दिसतो पदाला चिकटलेला पण खरा लागतो क्रियेला, असंही होतं. त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘असूर्यंपश्या’. शब्दाची नुसती फोड केली तर ‘सूर्य नसलेल्या कशाकडे तरी पाहणाऱ्या’ असं काहीतरी निघेल. अर्थ आहे, सूर्यालाही न पाहणाऱ्या, अंतःपुरात कोंडलेल्या राजस्त्रिया. ‘अ’ सूर्याला जोडलेला, नकार मात्र पाहण्याचा. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात हा प्रश्न ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलच्या १९०५ मधल्या निबंधाने पुन्हा ऐरणीवर आणला: फ्रान्सला आज राजाच नसताना ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला नाही’ हे खरं की खोटं? त्याने उत्तर दिलं, नकार आतल्या भागाला लावाल तर खोटं, सबंध वाक्याला लावाल तर खरं.

ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नियमाबद्दलही इथेच सांगतो. (हे ब्रिटिश गणितज्ञ जन्मले मदुराईत, १८०६ साली.) ‘दोन्ही आहेत’ याचा नकार म्हणजे ‘दोहोंपैकी निदान एक नाही’, ‘एकही नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. अर्जावर ‘मला मधुमेह आणि रक्तदाब नाही’ असं छापलेलं असतं. मधुमेह आहे, रक्तदाब नाही, अशा माणसाने खाली सही केली तर तो खोटं बोलला का? कडक तर्काने नाही, रोजच्या भाषेने हो. अशा वाक्यावर कोणाचा दावा फेटाळला जाऊ नये, दोन ओळी वेगळ्या छापाव्यात. याहून जास्त त्यात काही नाही.

पण जाहीर प्रश्नांमध्ये नकारावर नकार चढवला की काय होतं, यावर मात्र थांबायला हवं. १९९२ मध्ये अमेरिकेत रोपर या संस्थेने केलेल्या एका पाहणीत लोकांना साधारण असं विचारलं होतं: नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी घडलाच नाही, हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य वाटतं? २२ टक्के लोक म्हणाले, शक्य वाटतं. आकडा जाहीर झाला आणि खळबळ माजली. पाचातला एक माणूस इतिहासातल्या एवढ्या मोठ्या अत्याचाराबद्दल शंका घेतो! मग प्रश्नाकडे नीट पाहिलं गेलं. ‘संहार घडला’ असं मानणाऱ्याला उत्तर द्यायचं होतं, ‘तो न घडणं अशक्य’. एक नकार प्रश्नात, दुसरा उत्तरात. १९९४ मध्ये प्रश्न सरळ केला: तो घडलाच नाही हे शक्य वाटतं, की तो घडला याची तुम्हाला खात्री आहे? ‘शक्य वाटतं’ म्हणणारे सुमारे एक टक्क्यावर आले. देशाच्या स्मृतीबद्दलचं ते निदान बहुतांशी एका वाक्याच्या बांधणीचं निदान होतं.

मला यातली दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. ज्यांचं उत्तर चुकीच्या रकान्यात पडलं त्यांना ते कधी कळलंही नसेल.

मतपत्रिकेत हेच घडतं तेव्हा कायदे बदलतात किंवा बदलायचे राहतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या घटनेत गुलामगिरीला बंदी होती, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल असा अपवाद होता. तो काढण्यासाठी २०१६ मध्ये मतदारांना जो प्रश्न विचारला गेला त्याचा आशय असा: गुन्हा सिद्ध झालेल्यांना शिक्षा म्हणून वापरताना गुलामगिरीवरील बंदीला असलेला अपवाद काढून टाकण्याबाबत घटनादुरुस्ती व्हावी का? बंदी हा एक नकार, अपवाद हा बंदीचा नकार, काढून टाकणं हा अपवादाचा नकार. प्रस्ताव अगदी थोडक्या फरकाने पडला. २०१८ मध्ये तोच बदल ‘शिक्षा म्हणूनही, म्हणजे सर्व परिस्थितींत, गुलामगिरीला बंदी घालणारी दुरुस्ती व्हावी का’ अशा सरळ शब्दांत आला आणि जवळपास दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला. दोन वर्षांत प्रचारही वाढला होता, सगळं श्रेय शब्दरचनेला देणार नाही. पण दरम्यान एवढ्या लोकांचं गुलामगिरीबद्दलचं मत पालटलं, हे मानणं त्याहून अवघड आहे.

इटलीत तर ही अडचण रचनेतच आहे. तिथली बहुतेक सार्वमतं अस्तित्वातला कायदा रद्द करण्यासाठी घेतात, त्यामुळे ‘हो’ म्हणजे कायदा नको. १९७४ मध्ये घटस्फोटाचा हक्क टिकवू पाहणाऱ्या माणसाला ‘नाही’वर खूण करायची होती. त्या वेळी सुमारे ५९ टक्के लोकांनी ती अचूक केली, कारण प्रश्न घराघरांत पोचला होता. असं प्रत्येक प्रश्नाचं नशीब नसतं. नकारार्थी वाक्य खरं की खोटं हे ठरवायला माणसाला होकारार्थी वाक्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० च्या आसपासच्या प्रयोगांत दाखवलं. थकलेल्या, घाईतल्या, कमी शिकलेल्या मतदाराला हा भुर्दंड जास्त पडतो. म्हणजे गुंतागुंतीचा नकार सगळ्यांना सारखा नडत नाही. ज्यांचा आवाज आधीच क्षीण त्यांना तो अधिक नडतो. हे मला अन्यायाचं वाटतं, निष्काळजीपणाने झालं तरी.

माझ्या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप आहे. प्रत्येक नकाराला असा तपशील जोडत बसलो तर कामं होतील कशी? न्यायालयाला गुन्हा सिद्ध झाला नाही एवढंच म्हणून माणसाला सोडावं लागतं. ‘निर्दोष आहे हे सिद्ध करून दाखव’ म्हणणारी व्यवस्था कोणालाच नको आहे. गाड्यांच्या वेळापत्रकात पाचची गाडी नसेल तर ती नाही, असं धरूनच प्रवासी परततो.

हे अगदी मान्य आहे. यादीत नाही म्हणजे नाहीच, असं धरण्याला संगणकशास्त्रात बंद जगाचं गृहीतक म्हणतात. रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये ते नेमकेपणाने मांडलं. यादी पुरी असेल तर ते गृहीतक योग्यानुपलब्धीच आहे: गाडी असती तर वेळापत्रकात आलीच असती. न्यायालयातली गोष्ट जरा निराळी. तिथे समाजाने विचारपूर्वक ठरवलं आहे की सिद्ध न झालेला गुन्हा घडलाच नाही असं धरून वागायचं, कारण निरपराध्याला शिक्षा होण्याची किंमत फार मोठी. ती वागण्याची रीत आहे, घडलेल्याचं वर्णन तिच्यात नाही. मराठी बातमीत मात्र दर वेळी ‘निर्दोष मुक्तता’ छापून येतं, साक्षीदार फिरले म्हणून सुटलेला असो की दुसराच कोणी गुन्हेगार निघाल्याने सुटलेला असो. दोघांचं स्वातंत्र्य सारखंच असावं. वाक्य सारखं का असावं? दुसऱ्याला तर त्या सारखेपणाने त्याच्या हक्काचं काहीतरी नाकारलं जातं.

गृहीतक जगाला बंद नसताना बंद मानतं तेव्हा खरी भीती. आता पात्रता, मदत, ओळख हे सगळं याद्यांवर चालतं. नोंद सापडत नाही, हे यंत्र ‘माणूस नाही’ असं वाचतं. विदासंचांत (डेटाबेसमध्ये) शोध घेण्याच्या चालू भाषेत रिकाम्या रकान्याची गंमत अशी की ‘अमुक गावचे’ म्हणून शोधलं तर तो माणूस येत नाही आणि ‘अमुक गावचे नसलेले’ म्हणून शोधलं तरी येत नाही, कारण त्याच्या गावाचा रकाना भरलेलाच नाही. दोन्ही याद्यांची बेरीज करून कोणी म्हणालं ‘झाले सगळे’, तर हा माणूस हिशेबातून गेला. यंत्राचं यात चुकलेलं नाही. माहीत नाही आणि नाही, हा भेद ते प्रामाणिकपणे पाळतं. बेरीज करणारा पाळत नाही.

म्हणून ज्या मागण्या करायच्या त्या फार मोठ्या नाहीत. अहवालात ‘तपासलं, नाही’ आणि ‘तपासता आलं नाही’ यांचे रकाने वेगळे असावेत आणि दुसरा रकाना निष्कर्षातही यावा. ‘पुरावा नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच वाक्यात सांगावं की पुरावा असता तर आत्तापर्यंत सापडला असता की नाही. सार्वमतात किंवा पाहणीत ‘हो’ म्हणजे काय होईल हे एकाही नकाराशिवाय लिहिता येत नसेल तर तो प्रश्न छापू नये. नोंद न सापडल्याने कोणाला परत पाठवायचं असेल तर त्या कागदावर ‘अपात्र’ लिहू नये, ‘नोंद सापडली नाही, अमुक ठिकाणी शोधली’ असं लिहावं. त्या माणसाला निदान दुसरीकडे कुठे शोधायचं ते कळेल.

आमच्याकडे पुढे सोनोग्राफी पुन्हा झाली, या वेळी सांगितल्याप्रमाणे उपाशीपोटी. स्वादुपिंड दिसलं. नव्या रिपोर्टमध्ये त्या ओळीत लिहिलंय: पूर्ण दिसले, सूज आहे, गाठ नाही. ती ओळ मी दोनदा वाचली आणि या वेळी फोनवर सगळ्यांना ती जशीच्या तशी वाचून दाखवली.